दोन मिनिटांचे आभार, एका मिनिटाचा धडा

प्राथमिक शाळेसाठी तयार केलेला एखादा शैक्षणिक व्हिडिओ उघडा. आधी पृथ्वी गरागरा फिरते. तिच्यातून ठिणग्या उडतात आणि ठिणग्यांतून निर्मात्याचं बोधचिन्ह प्रकट होतं. मग बासरी वाजू लागते आणि बासरीच्या सुरावर मान्यवरांचे फोटो येतात. प्रेरणा यांची, मार्गदर्शन यांचं, संकल्पना यांची, विशेष सहकार्य यांचं. मान्यवर कुणीही असोत, फोटो पासपोर्टचाच असतो आणि चेहऱ्यावर पासपोर्टचंच गांभीर्य असतं. यानंतर निवेदक अवतरतात. ‘नमस्कार, बालमित्रांनो! कसे आहात? मजेत ना?’ असं विचारून बालमित्रांनी तोंड उघडायच्या आत स्वतःच ‘अरे वा!’ म्हणून मोकळे होतात. पुढे इयत्ता, विषय, घटक, उपघटक आणि अध्ययन निष्पत्तीचा क्रमांक वाचून दाखवला जातो. ‘चला तर मग, वेळ न घालवता’ हे वाक्य येईपर्यंत दोन मिनिटं गेलेली असतात. त्यानंतर मिनिटभर धडा होतो. पाण्याची वाफ होते, वाफेचे ढग होतात, ढगांचा पाऊस होतो. मग आभार, चॅनेलची घंटा दाबण्याची विनंती आणि पुन्हा एकदा पृथ्वी. एका व्हिडिओत पृथ्वी दोनदा स्वतःभोवती फिरली म्हणजे भूगोलाच्या हिशेबाने दोन दिवस गेले, आणि दुसरीतल्या पोराला ते तेवढेच वाटतात.

यात कुणाच्या हेतूत खोट काढावी असं काही नाही. शाळा सुटल्यावर, निवडणुकीच्या याद्या, पोषण आहाराचे हिशेब आणि ऑनलाइन माहिती भरून झाल्यावर जो शिक्षक रात्री दहाला मोबाइल स्टँडवर चढवून पाण्याचं चक्र समजावतो, त्याच्या तळमळीबद्दल शंका घेणारा माणूस करंटाच म्हणायला हवा. अडचण वेगळीच आहे. हे व्हिडिओ मुलांच्या नावाने निघतात, पण मोठ्यांना नजरेपुढे ठेवून बनतात. फोटो साहेबांसाठी, अध्ययन निष्पत्तीचा क्रमांक तपासणीसाठी, बासरी सहकाऱ्यांनी ‘छान’ म्हणावं यासाठी आणि घंटा चॅनेलसाठी. मुलाच्या वाट्याला जे उरतं ते मधलं मिनिट. त्यामुळे चांगला निवेदित व्हिडिओ कसा बनवावा, या प्रश्नाचं माझं उत्तर थोडं उलटं आहे. त्यात काय काय घालावं याची यादी प्रत्येक प्रशिक्षणात मिळते. मूल शिकतं ते मात्र आपण काय काय काढलं यावर, आणि काढताना मोठ्या माणसांचं मन दुखावण्याची आपली किती तयारी आहे यावर.

ही चर्चा वाशिम जिल्ह्यात करण्याला कारण आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा निघालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातले शंभरावर जिल्हे ‘आकांक्षित’ म्हणून निवडले, त्यात महाराष्ट्रातले चार होते: गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद आणि वाशिम. जिल्हा आकांक्षित ठरला की जिल्ह्याबाहेरच्यांच्याच आकांक्षा आधी जाग्या होतात. ॲप येतं, पोर्टल येतं, डॅशबोर्ड येतो, आणि मानोरा तालुक्यातल्या बंजारा तांड्यावरच्या चिमुकलीपर्यंत पुण्यामुंबईत तयार झालेला व्हिडिओ पोचतो. तसं पाहिलं तर पडद्यावरून शिकवण्याचं वेड आपल्याकडे जुनं आहे. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत शैक्षणिक टीव्ही दाखवला गेला. त्यात महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे आपल्याला थोडी उसंत मिळाली. पुण्यात १९८४ मध्ये शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी बालचित्रवाणी ही संस्था सुरू झाली. एका पिढीला दूरदर्शनवरून तिने बरंच काही दाखवलं आणि २०१७ मध्ये ती बंद पडली. त्याच वर्षी दीक्षा हे ऑनलाइन शिक्षणाचं व्यासपीठ सुरू झालं आणि पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड दिसू लागले. आधी राज्याला एक बालचित्रवाणी होती. आता प्रत्येक केंद्रात चार-पाच तंत्रस्नेही शिक्षक आहेत आणि प्रत्येकाच्या खिशात एक बालचित्रवाणी आहे. ही मोठी चांगली गोष्ट घडली. फक्त खिशातल्या बालचित्रवाणीला संपादक नसतो.

संपादक लागतो, कारण मुलाच्या डोक्यातली जागा कमी असते. एका वेळी माणूस सातच्या आसपास गोष्टी ध्यानात धरू शकतो, असं जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये मांडलं. २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी हिशेब पुन्हा करून तो आकडा चारच्या आसपास आणला. हा हिशेब मोठ्यांचा आहे. सात वर्षांच्या लेकराकडे त्याहून कमी, आणि त्यातली एक जागा पोषण आहारात आज काय आहे या प्रश्नाने सकाळपासून अडवलेली. आता पडद्याकडे पाहा. मध्ये डोंगर, डोंगरामागे हसणारा सूर्य, कोपऱ्यात बोधचिन्ह, खाली सरकती पट्टी, डावीकडे चष्मा लावून मान हलवणारं घुबड, वरून भिरभिरणारं फुलपाखरू आणि मागे बासरी. या गर्दीतून वाफेने वर जायचं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातले रिचर्ड मेयर यांनी बोलणं आणि चित्र एकत्र आलं की माणूस कसा शिकतो, यावर कित्येक वर्षं प्रयोग केले. त्यांचा एक निष्कर्ष तर आपल्या निम्म्या व्हिडिओंना रजा देईल असा आहे. चित्र डोळ्यांनी बघावं आणि शब्द कानांनी ऐकावेत, हे उत्तम. पण चित्र, निवेदन आणि निवेदनातलीच वाक्यं पुन्हा पडद्यावर छापील स्वरूपात, असं तिन्ही एकदम दिलं की शिकणं कमी होतं. डोळे अक्षरांमागे धावतात आणि चित्र एकटं पडतं. आपल्याकडे मात्र निवेदक छापील परिच्छेद पडद्यावर ठेवतात, तो स्वच्छ आवाजात वाचतात आणि वाचताना बाण एकेका शब्दावरून फिरवतात. याला आपण दृक्-श्राव्य म्हणतो. खरं तर ते भिंतीवर लावलेलं पुस्तक असतं, आणि पुस्तक मुलाच्या दप्तरात आधीच आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. वाचता न येणाऱ्या मुलांना पडद्यावरची अक्षरंच तर वाचायला शिकवतात! अहमदाबादच्या आयआयएममधले ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून हाच विचार लावून धरला. सिनेमातल्या गाण्यांखाली त्याच भाषेत शब्द दिले, तर घरोघर बसल्या जागी वाचनाचा सराव होतो, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंही ठरलं. मग मेयर खरे की कोठारी? दोघंही खरे, कारण दोघांची कामं वेगळी आहेत. गाणं आधीच पाठ असतं, शब्द थोडे असतात, आणि तिथं शिकायचं आहे ते वाचन. नायिका झाडाभोवती कशी फिरते हे समजून घेताना कुणाच्या बुद्धीवर ताण येत नाही. वाफेचा ढग होतो हे समजून घेताना येतो. म्हणून वाचनाचा व्हिडिओ असेल तर अक्षरं मोठी, ठळक, एकेक आणि आवाजाच्या तालावर हवीत. विज्ञानाचा असेल तर अख्ख्या निवेदनात दोन-तीन शब्दच पडद्यावर यावेत, तेही ज्या वस्तूचं नाव आहे त्या वस्तूशेजारी. ‘बाष्पीभवन’ हा शब्द पातेल्याच्या वाफेजवळ दिसला तर मूल तो वाफेशी जोडेल. तळाच्या पट्टीत ‘अधिक माहितीसाठी संपर्क’ याच्या शेजारी दिसला तर तो कुणाच्या तरी नावाचाच भाग समजेल.

दुसरा आक्षेप अधिक भावनिक असतो. मुलांना रंग, गाणी, गंमत आवडते, ते सगळं काढलं तर मुलं कंटाळतील. मुलांना गंमत आवडते हे खरंच आहे. प्रश्न आहे तो गंमत कशाची याचा. वीज कशी पडते या धड्यावर शॅनन हार्प आणि मेयर यांनी १९९८ मध्ये प्रयोग केले. एका गटाला सरळ धडा दिला आणि दुसऱ्याला त्याच धड्यात विजेचे रंजक पण विषयाला सोडून असलेले किस्से आणि चित्रं घालून दिली. किस्से ऐकलेल्यांना मुख्य कारणपरंपरा कमी आठवली आणि तिचा उपयोगही कमी करता आला. रंजक भाग त्यांच्या लक्षात राहिला आणि धडा त्याखाली दबला. आपल्याकडच्या घुबडाचं तेच होतं. व्हिडिओ संपल्यावर विचारलं, काय पाहिलं, तर मुलं एका सुरात ‘घुबड’ म्हणतात, आणि निवेदकांना वाटतं मुलं रमली. रमलीच होती, घुबडात रमली होती. गंमत धड्यातच असते. ती बाहेरून आणून चिकटवावी लागत असेल तर निवेदकांना स्वतःला तो धडा कंटाळवाणा वाटत असण्याची शक्यता तपासायला हवी. बासरीबद्दल तर इतकंच म्हणता येईल की पाण्याच्या उत्कलनबिंदूशी तिचा संबंध अजून सिद्ध झालेला नाही.

मूल पडद्यावर नेमकं कुठं रमतं आणि कुठं नाही हे मोजायची एक नामी युक्ती १९६९ मध्ये सुरू झालेल्या ‘सेसमी स्ट्रीट’ या अमेरिकी मालिकेच्या संशोधकांनी काढली होती. एडवर्ड पामर टीव्हीशेजारी आणखी एक पडदा लावत, त्यावर दर सात-आठ सेकंदांनी वेगवेगळी रंगीत चित्रं बदलत ठेवत, आणि मुलाची नजर टीव्हीवरून त्या पडद्याकडे नेमकी कोणत्या क्षणी वळते ते टिपत. नजर जिथं वळली, तिथं कार्यक्रम कच्चा. आपल्याकडे यासाठी वेगळा पडदा घ्यायची गरजच नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेला खिडकी असते. खिडकीबाहेर बकरी कुणाची तरी तूर खात असते, स्वयंपाकाच्या मावशी खिचडीला फोडणी देत असतात, रस्त्यावरून सोयाबीनची थैली लादलेली मोटारसायकल जात असते आणि मधूनच वर्गात कुत्रं डोकावून कुणाची हजेरी लागली ते पाहून जातं. या सगळ्याला पुरून उरेल तोच व्हिडिओ. पामर यांनी पैसे खर्चून जे उभं केलं ते वाशिममध्ये निसर्गतः उपलब्ध आहे. ते वापरायचं एवढंच राहिलं आहे. मुलांच्या मागे नाही तर पुढे बसावं, स्क्रीन न पाहता त्यांचे डोळे पाहावेत, आणि कितव्या सेकंदाला बकरी जिंकली ते वहीत लिहावं.

आता निवेदकाच्या आवाजाकडे येऊ, कारण निवेदित व्हिडिओचं अर्धं यश तिथं आहे आणि तीन चतुर्थांश गोंधळही तिथंच आहे. शाळेत मुलांशी गोड बोलणारी व्यक्ती माइक हातात आला की राष्ट्रीय स्मारकाचं लोकार्पण करू लागते. आवाज खर्जात जातो, वाक्यं कर्मणी होतात, ‘आपणास असे निदर्शनास येईल की’ अशी सुरुवात होते, आणि दुसरीतल्या गणूला वाटतं ही तहसीलमधली नोटीस आहे. मेयर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये श्वसनाच्या सुमारे शंभर शब्दांच्या निवेदनात फक्त बारा ठिकाणी बदल केला. ‘फुप्फुसं’ होतं तिथं ‘तुमची फुप्फुसं’ केलं. एवढ्याने ऐकणाऱ्यांना ती माहिती नव्या प्रश्नांसाठी जास्त चांगली वापरता आली. माणूस माझ्याशी बोलतो आहे असं वाटलं की कान जागे होतात. माणसाचा जिवंत आवाज यंत्राच्या आवाजापेक्षा बरा, हेही त्यांच्या प्रयोगांत दिसलं होतं. पुढे यंत्रांचे आवाज सुधारले तसं हे अंतर कमी झालं. आपल्याकडे मात्र अडचण अशी आहे की यंत्र माणसासारखं बोलू लागलं आणि त्याच सुमारास माणसं यंत्रासारखी.

आवाजाबरोबर भाषेचा प्रश्न येतोच. वाशिम जिल्ह्यातलं पोर घरी ‘हे पाणी कुठी गेलं?’ असं विचारतं, आणि व्हिडिओतले निवेदक त्याला ‘जलाचे रूपांतरण’ सांगतात. पोहरादेवीच्या परिसरातल्या तांड्यांवर तर आईला याडी म्हणणारं लेकरू गोरमाटी ही बंजारा बोली बोलत शाळेत येतं. त्याला वऱ्हाडी ही दुसरी भाषा आणि पुस्तकी मराठी तिसरी. त्याच्या मेंदूतल्या मोजक्या जागांपैकी दोन तर भाषांतरातच जातात. इथं आक्षेप हमखास येतो की व्हिडिओत बोली वापरली तर प्रमाण भाषा बिघडेल आणि पेपर तर प्रमाण भाषेतच लिहायचा आहे. हा आक्षेप घेणारे स्वतः घरी ‘काऊन बाप्पा, चहा नाही झाला का अजून?’ असंच विचारतात, आणि त्यांची प्रमाण भाषा त्याने बिघडल्याचं आढळलेलं नाही. बोलीत गोष्ट समजावी आणि समजल्यावर तिचं पुस्तकातलं नाव सांगावं. क्रम एवढाच. ‘पाणी तापलं, वाफ होऊन वर गेलं’ हे आधी, ‘याला बाष्पीभवन म्हणतात’ हे नंतर. शब्द आधी आणि वस्तू नंतर आली की मूल शब्द पाठ करतं आणि वस्तूची वाट पाहत बसतं. काहींची वाट नववीपर्यंत चालू असते.

जे भाषेचं तेच चित्राचं. जलचक्राच्या कोणत्याही व्हिडिओत डावीकडे निळाशार समुद्र असतो आणि उजवीकडे बर्फाचा डोंगर. आपल्या जिल्ह्यातल्या रिसोडच्या मुलाने यातलं एकही पाहिलेलं नाही, त्यामुळे पाऊस हा परदेशात तयार होऊन आपल्याकडे आयात होतो असा त्याचा समज झाला तर दोष त्याचा नाही. गंमत अशी की या विषयासाठी वाशिमसारखा जिल्हा शोधून सापडायचा नाही. जिल्ह्याच्या दक्षिणेकडून पैनगंगा वाहते. तिचं पाणी वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागराला मिळतं. उत्तरेकडून काटेपूर्णा अकोल्याकडे उतरते. तिचं पाणी पूर्णा आणि तापीमार्गे अरबी समुद्रात जातं. म्हणजे एकाच दुपारी, एकाच जिल्ह्यात पडलेल्या पावसाचे दोन थेंब देशाच्या दोन टोकांना जाऊ शकतात. पाचवीच्या मुलाला हे कळलं तर ते दोन दिवस तोंड मिटणार नाही. हे दाखवायला ड्रोन लागत नाही. मातीचा उंचवटा, दोन बाजूंना दोन रेघा, वरून तांब्याभर पाणी, आणि ‘आता सांग, इकडचं कुठी जाईल?’ हा एक प्रश्न पुरतो. पण व्हिडिओ करणाऱ्याला वाटतं की पडद्यावर वाशिम दिसलं तर तो शैक्षणिक कसा ठरणार. शैक्षणिक दिसायला निदान एक आल्प्स हवा.

राहिली लांबी. फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ऑनलाइन अभ्यासक्रमांतली सुमारे ६९ लाख व्हिडिओदर्शनं तपासली, तेव्हा व्हिडिओ कितीही लांब असो, प्रेक्षक साधारणपणे सहा मिनिटांच्या पुढे टिकत नाहीत असं दिसलं. ही सगळी आपणहून नाव घातलेली, बहुतांशी मोठी माणसं. मग आपल्या तिसरीतल्या पोरांसाठी तीन मिनिटं म्हणजे चैन. एकच गोष्ट, तीन मिनिटं, आणि मध्ये थांबा. विजेच्या धड्याचं १४० सेकंदांचं निवेदन मेयर यांनी सोळा तुकड्यांत तोडलं आणि प्रत्येक तुकड्यानंतर पुढे जाण्याचं बटण पाहणाऱ्याच्या हातात दिलं, तर समज वाढली. ‘ब्लूज क्लूज’ या १९९६ मध्ये सुरू झालेल्या मालिकेत निवेदक प्रश्न विचारून खरोखरच गप्प राहत असे, मुलांच्या उत्तराची वाट पाहत. एकच भाग सलग पाच दिवस दाखवला, तर मुलं कंटाळण्याऐवजी दिवसेंदिवस अधिक ओरडून उत्तरं देऊ लागली. आपल्या निवेदकांना हे गप्प राहणं फार जड जातं. चार सेकंदांची शांतता त्यांना तांत्रिक बिघाड वाटते आणि ते तिथं बासरी भरतात. खरं तर व्हिडिओतली तेवढीच चार सेकंदं मूल विचार करत असतं. बाकीचा वेळ विचार करण्याचं काम निवेदकांनीच अंगावर घेतलेलं असतं.

शेवटचा आक्षेप पैशाचा. आमच्याकडे स्टुडिओ नाही, चांगला कॅमेरा नाही, आणि वीज कधी जाईल याचं वेळापत्रक फक्त विजेला माहीत. इथं ग्वो यांचाच अभ्यास दिलासा देतो. महागड्या स्टुडिओतल्या चित्रणापेक्षा साध्या टेबलाशी बसून, जवळून, मोकळेपणाने बोललेले व्हिडिओ लोकांनी जास्त पाहिले, आणि छापील स्लाइडपेक्षा बोलता बोलता हाताने काढलेली आकृती जास्त भावली. आपल्याकडचा दाखलाही हेच सांगतो. कोरोनात शाळा बंद असताना २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीची मालिका आली. तिचा भर फळ्यापुढच्या भाषणावर नव्हता, घरातल्या आणि परिसरातल्या वस्तू घेऊन करायच्या कृतींवर होता. याचा अर्थ पडदा शिक्षकाची जागा घेतो असा नाही. उलट तीन मिनिटांचा व्हिडिओ तेव्हाच कामाचा ठरतो जेव्हा तो बंद करून ‘आता तुमच्या डब्यात पाणी घेऊन उन्हात ठेवा’ म्हणणारं कुणी तरी वर्गात असतं. शिक्षकाला सुट्टी मिळावी म्हणून घेतलेला स्मार्ट टीव्ही आणि शिक्षकाच्या हाताखाली काम करणारा स्मार्ट टीव्ही यांची किंमत एकच असते, पण दुसऱ्यापुढे बसलेली मुलं पुढे काही तरी करून पाहतात.

मग व्हिडिओ चांगला झाला हे ठरवायचं कुणी? आज ते ठरवतो तो व्हॉट्सॲप गट. व्हिडिओ टाकल्यानंतर मिनिटभरात सतरा अंगठे येतात. व्हिडिओ सात मिनिटांचा असतो, तरी अंगठे मिनिटभरात येतात, यावरून तो किती प्रभावी आहे हे कळतं. स्पर्धा झाल्या तर परीक्षकही मोठेच. ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्याला मत नाही. वाशिमच्या शेतकऱ्याला मात्र अशी चूक परवडत नाही. घरचं सोयाबीन पेरायचं असेल तर तो शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो, आठवड्याने उगवलेले मोजतो, सत्तर उगवले तर बियाणं चांगलं मानतो, आणि कमी उगवले तर पेरणीआधीच शहाणा होतो. दाणे दिसायला किती टपोरे आहेत याला तो मार्क देत नाही. ‘ब्लूज क्लूज’वाले प्रत्येक भाग प्रसारणाआधी लहान मुलांपुढे तीनदा तपासून घेत. तेही हेच, फक्त गोणपाटाशिवाय.

तेव्हा व्हिडिओ बनवणाऱ्या सर्व गुरुजींना आणि बाईंना एवढीच विनंती. गटावर टाकण्याआधी तो दहा मुलांना दाखवा. त्यातली दोन तरी तांड्यावरची असू द्या, आणि एक तरी असं जे वर्गात कधीच हात वर करत नाही. नंतर ‘आवडला का?’ असं विचारू नका. मुलं सभ्य असतात, ती हो म्हणतात. ‘पाणी कुठी गेलं?’ असं विचारा आणि गप्प बसा. सात जणांनी आपल्या शब्दांत सांगितलं तर व्हिडिओ पाठवा. चौघांनीच सांगितलं तर कात्री घ्या आणि जे मुलांच्या उपयोगाचं नाही ते कापून पुन्हा दाखवा. साहेबांनी व्हिडिओ आठ दिवस उशिरा पाहिला तरी काही बिघडत नाही. साहेब दुसरी केव्हाच पास झाले आहेत.